मुंबई लोकलची सगळी स्टेशनं: नुसतं जाऊन नाही, उतरून

धीमी_लोकल

एकोणीस वर्षं डोंबिवली–सीएसएमटी करतोय. वाटेत रोज करी रोड लागतं, जाताना एकदा आणि येताना एकदा. सुट्ट्या, संप, कोविड सगळं वजा केलं तरी आठ हजार वेळा तरी ते माझ्या खिडकीसमोरून (किंवा कुणाच्या तरी काखेखालून) गेलं असेल. मागच्या डिसेंबरात ऑफिसातल्या एकाने विचारलं, "करी रोडला उतरून लालबागला कुठल्या बाजूने जायचं रे?" आणि मला सांगता येईना. मी करी रोडला जन्मात उतरलोच नव्हतो.

त्या रात्री कागद घेऊन बसलो आणि कुठे कुठे उतरलोय ते लिहून काढलं. सगळी मिळून चौतीस निघाली. मग ठरवलं, सगळी करायची. योगायोगाने त्याच सुमारास, १२ जानेवारी २०२४ला, दिघा गाव स्टेशन आणि उरणपर्यंतची लाइन सुरू झाली. म्हणजे यादी आणखी लांबली.

माझा हिशेब असा. चर्चगेट ते डहाणू रोड ३७. सीएसएमटी ते कल्याण २६, पुढे कसाऱ्याकडे ११, कर्जत-खोपोलीकडे १४. हार्बरची डॉकयार्ड रोड ते पनवेल, आधी मोजलेली सोडून, २१. किंग्ज सर्कल १. ठाणे-वाशीची नवीन ६. उरणकडची ६. एकूण १२१. तरघर आणि गव्हाणला मी फिरलो तेव्हा गाडी थांबत नव्हती, ती दोन उधार.

नियम मीच केला. फलाटावर उतरायचं, पूल चढून बाहेर जायचं, रस्त्यावर पाय ठेवायचा आणि स्टेशनाबाहेर काहीतरी एक विकत घ्यायचं. चहा चालेल, केळं चालेल, सेफ्टी पिनांचं पाकीट चालेल. रविवार आणि सुट्ट्या धरून पाच महिन्यांत संपवलं. शेवटचं उंबरमाळी, गेल्याच आठवड्यात.

प्रश्न असा की उंबरमाळीला बाहेर विकत घ्यायला काही मिळालंच नाही. दुकान दिसेना. फलाटाच्या टोकाला एक आजी करवंदांची पाटी घेऊन गाडीची वाट बघत बसल्या होत्या, त्या माल खर्डीला नेणार होत्या. मी म्हटलं, "दहाची द्या." त्यांनी पळसाच्या पानात ओंजळभर घातली आणि पैसे घेईनात. "इथं काय विकायचं, घे खा." तर माझं उंबरमाळी झालं की नाही झालं? शिवाय तुम्ही स्टेशन 'केलं' असं कधी धराल?

चौथी_सीट

करवंदं खाल्लीत ना? मग झालं. पुढचा धागा.

विरारची_वेणू

इतकं वाचून फक्त एकच विचारते, बायको काही बोलली नाही?

धीमी_लोकल

@वेणूताई, पहिल्या दोन रविवारी बोलली. तिसऱ्या रविवारी सोबत आली, पण कॉटन ग्रीनला उतरल्यावर म्हणाली, "हे बघायला आणलंस?" चौथ्यापासून पुन्हा मी एकटा.

गणिती_गण्या

१२१ चूक. ३७ + २६ + ११ + १४ + २१ + १ + ६ + ६ म्हणजे १२२ होतात.

धीमी_लोकल

दादर दोनदा धरलंत मालक. ३७ मध्येही आहे आणि २६ मध्येही.

गणिती_गण्या

ओह. माझे शब्द मागे घेतो. (पण दादरला मध्य आणि पश्चिम ही दोन स्टेशनं नाहीत का? फलाटांचे नंबर आता सलग केलेत म्हणून एक झालं का?)

परळचा_पोर

दादर एकच. मात्र परळ आणि प्रभादेवी दोन, मध्ये एक पूल असला तरी. प्रभादेवीचं नाव २०१८ला बदललं पण आमच्या घरी अजून एल्फिन्स्टनच म्हणतात. त्या जुन्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ला जी चेंगराचेंगरी झाली, तेवीस माणसं गेली, तेव्हापासून माझी आई त्या बाजूने जात नाही. दहा मिनिटं जास्त चालते पण जात नाही. असो, विषय वेगळा आहे.

रातपाळी

नुसती गाडी थांबली की स्टेशन झालं, असं माझं मत. बाहेर जाऊन पिना विकत घेणं हा तुमचा हौशी मामला.

लंडनची_माई

इकडे ट्यूबची (लंडनच्या भुयारी रेल्वेची) सगळी स्टेशनं एका दिवसात करायची स्पर्धा असते, गिनीजच्या पुस्तकात त्याचा वेगळा विक्रम आहे. सध्या २७२ स्टेशनं. तिथला नियम रातपाळी म्हणतात तसाच, गाडी स्टेशनात थांबली पाहिजे, तुम्ही उतरलंच पाहिजे असं नाही. दोन लाइनींच्या मधलं अंतर चालत, पळत किंवा बसने कापलं तर चालतं, खासगी गाडी किंवा टॅक्सी चालत नाही. माझ्या ऑफिसातल्या एका पोराने प्रयत्न केला होता. संध्याकाळी कुठल्याशा टोकाला गाडी रद्द झाली आणि तो फुटपाथवर बसून रडला म्हणे. मी विचारलं, "अरे, इतकी स्टेशनं केलीस, त्यातलं एखादं आवडलं का?" तो म्हणाला, "बघायला वेळ कुठे होता?"

म्हणून माझं मत धीमी_लोकल यांच्या बाजूने. पिना घ्याच.

गणिती_गण्या

मग मुंबईचं एका दिवसात होईल का? रातपाळींच्या नियमाने, म्हणजे फक्त गाडी थांबली पाहिजे. कागदावर मांडून बघतो. डहाणू–चर्चगेट १२४ किमी, सीएसएमटी–खोपोली ११५, कसारा १२१, पनवेल ४९. पहाटे डहाणूहून निघायचं, चर्चगेटहून सीएसएमटीला चालत, मग खोपोली, परत कल्याण, कसारा, परत ठाणे, तिथून नवी मुंबई, उरण, पनवेल, हार्बरने डॉकयार्ड रोडपर्यंत, परत वडाळा, आणि शेवटी किंग्ज सर्कल करून माहीम. गाड्या अचूक लागल्या तर रात्रीपर्यंत सगळं आटपायला हवं.

चौथी_सीट

"गाड्या अचूक लागल्या तर." हे वाक्य फ्रेम करून सीएसएमटीच्या इंडिकेटरखाली लावा.

दिव्याची_वात

माफ करा, पण मला या धाग्याची चीड आली. मी रोज सकाळी ७:०० वाजता दिव्याला चढतो. चढतो म्हणजे लोक मला चढवतात. मागच्या महिन्यात माझ्यापुढचा मुलगा मुंब्र्याच्या वळणावर हात सुटता सुटता वाचला. आम्ही जीव मुठीत धरून जातो त्याच गाडीत तुम्ही करवंदं खायला जाता आणि 'स्टेशन झालं की नाही' यावर चर्चा करता. लोकल हे पर्यटन नाही. ज्यांना जबरदस्तीने जावं लागत नाही त्यांनाच हे सुचतं.

विरारची_वेणू

दादा, तुमचं बरोबर आहे. पण ते स्वतः एकोणीस वर्षं डोंबिवली करताहेत हो. डोंबिवलीकराला लोकलची हौस असते असं समजू नका, तो शिक्षा पूर्ण करून पुन्हा तुरुंग बघायला गेलाय.

धीमी_लोकल

@दिव्याची_वात, तुमच्या रागावर माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून देत नाही. एवढंच सांगतो, सकाळी ८:१० च्या गर्दीत मी एकही स्टेशन 'केलं' नाही. सगळं रविवारी आणि दुपारी. आणि दिव्याला मी पूल उतरून पूर्वेला बाहेर गेलो तेव्हा पंधरा मिनिटं फाटकाशी उभा राहिलो. रुळ ओलांडणारी माणसं, डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका. तिथे मी बिस्किटाचा पुडा घेतला आणि खाल्ला नाही. आठ हजार वेळा दिव्यावरून गेलो तेव्हा मला हे दिसलं नव्हतं, एवढंच.

सेवानिवृत्त_पार्सल

मी रेल्वेत पार्सल खात्यात होतो. १९८१ ते २०१८. कामानिमित्त यातली बहुतेक स्टेशनं आपोआप झाली, कुणी मोजलीच नाहीत. थोडं जुनं सांगतो.

तुम्ही खोपोलीला गेलात ना? आपण खोपोलीला शेवटचं आडवळणाचं स्टेशन समजतो. पण पुण्याकडे जाणाऱ्यांसाठी एके काळी तेच रेल्वेचं टोक होतं. पळसदरीहून खोपोलीपर्यंत रूळ १८५६ला पोहोचले. बोरघाटातली लाइन १८६३ला सुरू झाली. मधली काही वर्षं माणसं खोपोलीला उतरायची आणि पालखीतून, खुर्चीतून नाहीतर पायी घाट चढून खंडाळ्याला पुढची गाडी धरायची. मग घाटातली लाइन झाली आणि खोपोली बाजूला पडलं. म्हणून कर्जतच्या पुढे तुमची लोकल एका रुळावर रमतगमत जाते ना, ती पुण्याच्या जुन्या वाटेवरून जाते.

दुसरं, बंद झालेली स्टेशनं धरायची का? चर्चगेटच्या पुढे कुलाबा स्टेशन होतं. ३१ डिसेंबर १९३०ला ते बंद झालं आणि चर्चगेट शेवटचं झालं. आज जिथे बधवार पार्क आहे तिथे ते होतं. जाऊन उभे राहा, रस्त्यावर पायही ठेवता येईल आणि पिनाही मिळतील.

गणिती_गण्या

काका, मग १२२.

ठाकुर्लीची_सई

पार्सलकाका, ठाकुर्लीबद्दल पण लिहा ना! आमच्याकडे चोळा पॉवर हाऊसची चिमणी होती, रेल्वे स्वतःची वीज तिथे तयार करायची. आजोबा सांगायचे की लोकल तिथल्या कोळशावर धावते. मला लहानपणी वाटायचं डब्याखाली शेगडी असते.

सेवानिवृत्त_पार्सल

सई, तुझे आजोबा अगदीच चुकले नव्हते. विजेची पहिली लोकल ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी (आताचं सीएसएमटी) ते कुर्ला धावली, हार्बरवरून. त्या विजेचं कसं भागवायचं म्हणूनच ठाकुर्लीचं पॉवर हाऊस आलं. आणि डीसीवरून एसी वीज करायला आपल्याला पुढे २०१६ उजाडलं, हार्बर सगळ्यात शेवटी.

एकटी_दुकटी

मी एक बाई म्हणून लिहिते. मी पण यादी करून पाहिली, माझी ५८ झालीत. उरलेली का नाही झाली त्याचं कारण वेगळं आहे. मी डोळवलीला उतरायला गेले होते, दुपारी अडीचला. लेडीज डब्यात मी एकटी. गाडी थांबली, फलाटावर एकही माणूस नाही. कुत्रं होतं एक. पुढची गाडी दीड तासाने. दारात उभी राहून विचार केला, मोटरमनच्या बाजूला बघितलं, आणि उतरले नाही. खोपोलीपर्यंत गेले आणि त्याच गाडीने परत आले. डोळवली परतीच्या वाटेवर पुन्हा समोरून गेलं.

त्यामुळे 'नियम काय' असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर: माझ्यासाठी दाराशी उभं राहून ठरवणं हेच स्टेशन. तुमच्या हिशेबात धरा किंवा धरू नका.

बाकी माटुंगा (मध्य) मला सगळ्यात आवडलं. तिथे २०१७ पासून सगळा स्टाफ बायकांचा आहे, तिकीट खिडकीपासून आरपीएफपर्यंत (रेल्वेचं सुरक्षा दल). तिथे मी काहीच विकत घेतलं नाही, नुसती बाकावर दोन गाड्या सोडून बसून राहिले.

विरारची_वेणू

@एकटी_दुकटी, पुढच्या वेळी मला सांग. मी येते. डबा करून आणते. डोळवलीच्या बाकावर बसून खाऊ.

केळवे_रोडकर

डहाणूच्या बाजूचं कुणीच बोलत नाही म्हणून मी बोलतो. आम्हाला लोकल मिळाली २०१३ला. त्याआधी आम्ही मेमू (कमी अंतराची विजेवरची पॅसेंजर) आणि शटलवर. विरारच्या अलीकडच्या लोकांना वाटतं विरारनंतर गुजरात लागतं.

वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड. पाठ करा. नायगाव आणि भाईंदरच्या मध्ये खाडीवर दोन पूल लागतात, त्या दोन पुलांच्या मधला जमिनीचा तुकडा म्हणजे पाणजू बेट. तिथे माणसं राहतात. रोज लाखो लोक त्यावरून जातात, कुणी वर बघत नाही कारण सगळे मोबाइलात. आणि केळवे रोडला उतरलात की रिक्षाने केळव्याच्या समुद्रावर जा. वाटेत पानमळे लागतील. इकडची विड्याची पानं पार दिल्लीपर्यंत जातात.

धीमी_लोकल, तुम्ही केळवे रोडला काय घेतलंत?

धीमी_लोकल

विड्याची पानं. शंभर. घरी नेऊन काय करायचं ते कळेना, शेवटी शेजारच्या सत्यनारायणाला दिली. डहाणूला चिकू, वाणगावला हिरव्या मिरच्या, वैतरण्याला चहा. सफाळ्याला भाजीवाल्या बायका सकाळच्या गाडीत टोपल्या चढवत होत्या, त्यांना हात लावू लागलो तर एकीने मलाच एक टोपली दिली आणि म्हणाली, "पुढच्या दाराने चढ, भाऊ." त्या दिवशी माझं पुढचं स्टेशन चुकलं, पण टोपली अंधेरीपर्यंत गेली.

तिखटमीठ

खाण्याच्या यादीवर वेगळा धागा हवा. कर्जतचा वडा कुणी घेतला नाही तर मी भांडेन.

धीमी_लोकल

घेतला. दोन.

रुळावरचा_खडा

सगळे गोड बोलताहेत म्हणून एक तांत्रिक शंका. तिकिटाचं काय केलंत? साध्या तिकिटावर मध्ये उतरून बाहेर जाता येत नाही, पुन्हा आत आलात की विनातिकीट. प्रत्येक स्टेशनाचं वेगळं तिकीट काढलंत की काय?

धीमी_लोकल

माझ्याकडे डोंबिवली–सीएसएमटीचा पास आहेच. बाकीच्या लाइनींना टूरिस्ट तिकीट काढलं. एका दिवसाचं सेकंड क्लासचं ७५ रुपयांना मिळालं. पश्चिम, मध्य, हार्बर सगळीकडे कितीही वेळा चढा-उतरा. फक्त ते कुणी काढत नाही. एका स्टेशनवर टीसीने ते हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, उजेडात धरलं, मग आतल्या साहेबांना दाखवायला गेला. मला वाटलं आता दंड. परत येऊन म्हणाला, "बरोबर आहे. पण तुम्ही टूरिस्ट दिसत नाही." मी विचारलं, "कुठला दिसतो?" "डोंबिवलीचा."

चौथी_सीट

हाहाहा. चपलेवरून ओळखलं असेल.

गणिती_गण्या

एक कोडं सोडवलंत का सांगा. धीम्या गाड्या पाच मिनिटांनी असतील तिथे प्रत्येक स्टेशनला उतरायला काही लागत नाही. पण कसाऱ्याकडे तासाला एखादी गाडी. अकरा स्टेशनं म्हणजे अकरा तास?

धीमी_लोकल

हाच खरा खेळ आहे, आणि मला तो दुसऱ्या रविवारी सुचला. समजा तुम्ही कसाऱ्याकडे चाललात. आटगावला उतरू नका, एक सोडून पुढे थानशेतला उतरा. तिथे पुढच्या डाउन गाडीची तासभर वाट बघण्याऐवजी वीस-पंचवीस मिनिटांत उलटी, कल्याणकडे जाणारी गाडी येते. तिने एक स्टेशन मागे, आटगावला या. तिथे चहा प्या. मग पुढची डाउन धरून थानशेत, खर्डी ओलांडून उंबरमाळी, आणि उलटीने मागे खर्डी. दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे. तासाला दोन स्टेशनं होतात.

फक्त एक धोका. उलटी गाडी उशिरा आली तर पुढची डाउन तुमच्यासमोरून निघून जाते आणि तुम्ही पुलावर. हे माझ्याबरोबर झालं म्हणूनच उंबरमाळी सगळ्यात शेवटी राहिलं आणि त्याच्यासाठी वेगळा रविवार गेला.

रातपाळी

म्हणजे करवंदवाल्या आजी उलट्या गाडीच्या उशिरामुळे भेटल्या. रेल्वेचे आभार माना.

खारकोपरची_खार

उरण लाइनचं कुणी काहीच लिहीत नाही! बामणडोंगरी, खारकोपर २०१८ पासून आहेत. शेमटीखार, न्हावा शेवा, द्रोणागिरी, उरण जानेवारी २०२४ला सुरू झाली. माझ्या सासूबाई सत्तर वर्षांच्या, जन्म उरणचा. आधी मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्याला जायचं, नाहीतर एसटी. पहिल्या दिवशी लोकलने बेलापूरला जाऊन परत आल्या. काही काम नव्हतं. परत आल्यावर विचारलं कशी होती, तर म्हणाल्या, "वारा लागला नाही." लाँचवर वारा लागतो ना.

पनवेल_सुटली

वसई-दिवा-पनवेल लाइन का सोडली? कामण रोड, खारबाव, भिवंडी रोड, निळजे, तळोजा... मुंबईतली माणसं त्यावरून कामाला जातात. मेमू असली म्हणून काय ती लोकल नाही?

गणिती_गण्या

नाही. ईएमयू (उपनगरातली विजेची गाडी) म्हणजे लोकल.

पनवेल_सुटली

भिवंडीच्या माणसाला ईएमयू आणि मेमू सारखंच. त्याला गाडी हवी.

केळवे_रोडकर

+१. २०१३ च्या आधी आम्हालाही 'ती लोकल नाही' असंच सांगायचे.

धीमी_लोकल

पनवेल_सुटली यांचं म्हणणं पटलं. घरात अजून सांगितलेलं नाही.

मस्जिदचा_मोहरा

आमच्या स्टेशनाचं नाव कशावरून पडलं विचारा बरं. मस्जिद म्हणजे मशीद असं सगळे समजतात. पण इथले जुने लोक सांगतात ते ज्यूंच्या सिनेगॉगवरून. सॅम्युअल स्ट्रीटवर १७९६चं बेने इस्रायलींचं सिनेगॉग आहे, त्याला लोक 'जुनी मशीद' म्हणायचे. ते बांधणारे दिवेकर. कोकणातले, मराठी बोलणारे. म्हणजे मराठी माणसाने बांधलेल्या ज्यूंच्या देवळाला लोकांनी मशीद म्हटलं आणि इंग्रजांच्या कंपनीने स्टेशनावर तीच पाटी लावली. धीमी_लोकल, तुम्ही आमच्याकडे काय घेतलंत? सुका मेवा की नुसता धक्का?

धीमी_लोकल

काळे मनुके पाव किलो. आणि धक्के, त्यांचं वजन केलं नाही.

वांगणीकर

आमच्या वांगणीत डोळ्यांनी न दिसणारी बरीच कुटुंबं राहतात, लोकलमध्ये तुम्हाला पेनं, की-चेन विकतात ते अनेक जण. पूल कुठून चढायचा, गाडी कुठल्या फलाटावर लागली, सगळं आवाजावरून. २०२१ला एप्रिलमध्ये याच फलाटावरून एका अंध बाईचा मुलगा रुळावर पडला होता आणि समोरून गाडी येत असताना पॉइंट्समन धावत गेला, मुलाला वर ढकललं आणि स्वतःही वर चढला. तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. बक्षिसातला वाटा त्याने त्या मायलेकरांना दिला.

आमच्या शेजारच्या भाऊंना (दिसत नाही, वय साठ) मी तुमचा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, "मी सगळी केलीत. प्रत्येक स्टेशनचा वास वेगळा." करी रोडचा वास कसला, विचारलं तर म्हणाले, "पुलाच्या लोखंडाचा, पाऊस पडल्यावर."

चौथी_सीट

याच्यापुढे मी काही विनोद करणार नाही.

चौथी_सीट

(केला नाही.)

दिव्याची_वात

आधीच्या पोस्टमध्ये जरा जास्तच बोललो. मत तेच आहे. पण काल परत येताना गाडी कळव्याच्या आधी वीस मिनिटं उभी राहिली. सगळे शिव्या देत होते, मीही. सहज मोजायला लागलो. अकरा वर्षं झाली, माझी फक्त सतरा झालीत. कळव्यालासुद्धा कधी उतरलो नाही, दिव्यापासून दोन स्टेशनं.

उतरलो तर काल नाही, काल जेवायला घरी जायचं होतं.

धीमी_लोकल

कळव्याला पश्चिमेला उतरा. बाहेर रसवंती आहे, आलं-लिंबू घालून देतो. निदान मे महिन्यात तरी होता.

रातपाळी

मूळ प्रश्नावर परत येऊ. उंबरमाळी धरायचं की नाही? मी आधी म्हटलं होतं गाडी थांबली की झालं. आता एकटी_दुकटी आणि वांगणीच्या भाऊंचं वाचून माझा नियम मोडला. पण धीमी_लोकल यांचा नियम 'विकत घेतलं पाहिजे' असा आहे, आणि त्यांनी तो स्वतः केलाय. नियमाने उंबरमाळी बाकी आहे. माणसाने स्वतःचा नियम तरी पाळावा.

सेवानिवृत्त_पार्सल

रातपाळींशी सहमत. पार्सलमध्ये पावतीशिवाय माल सुटत नाही.

धीमी_लोकल

मान्य. पावसाळ्यानंतर जातो. उधार ठेवलेली तरघर आणि गव्हाणही. आजींना करवंदांच्या मोसमात परत भेटायचं म्हणजे पुढचा मे उजाडेल, पण तोवर भाजी असेल काहीतरी. या वेळी सुटे पैसे नेतो आणि पाटीत टाकून पळ काढतो.

माझं झालं. आता इतरांनी राहिलेली टाका, बघू कुणाची किती.

एकटी_दुकटी

माझी राहिलेली मोठी यादी आहे. पुढच्या रविवारी वेणूताईंबरोबर डोळवली, केळवली, लौजी. त्याच्या पुढच्या रविवारी हार्बर, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी.

कॉटन_ग्रीन_पूर्व

इतके दिवस नुसती वाचत होते. धीमी_लोकल यांच्या मंडळींना कॉटन ग्रीन आवडलं नाही ते वाचून आज लॉगिन केलं. एकटी_दुकटी, तू काळाचौकीच्या बाजूला उतर, गोदामांच्या बाजूला नको, रविवारी तिथे चिटपाखरू नसतं. जिना उतरून डावीकडे पहिला चहावाला, त्याच्याकडे मी साडेदहाला असते. रविवारी हार्बरवर ब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) आहे का ते मात्र आदल्या रात्री बघून ये.